खंडेनवमीला उघडी ठेवलेली बंदूक

वहिनीला रांजणगावच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम लागलं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून तिनं जायचं ठरलं होतं. निवडीच्या दिवशी बायकांपुढं भोकं असलेली एकेक प्लास्टिकची पट्टी ठेवली, बारीक वायरींची जुडी दिली आणि घड्याळ लावलं. प्रत्येक वायर आपापल्या भोकात टक् आवाज येईपर्यंत खोचायची. वहिनी सगळ्यांच्या आधी हात वर करून बसली. लाइनवरच्या बाईंनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, आधी कुठं केलंय का हे काम. वहिनी म्हणाली, न्हाई, माहेरी गोधड्या शिवायचो.

हे मी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्यात नेमकं काय गेलं ते कळेल. बोट गेलं असं गावात म्हणतात. बोटाचं फक्त टोक गेलं. काम मात्र पूर्ण गेलं.

वहिनी माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी. तरी मी तिला तू म्हणते आणि ती मला ताई म्हणून अहोजाहो करते, कारण मी नणंद. मी शिरूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुण्यात कॉलेज केलं आणि आता घरी राहून परीक्षांचा अभ्यास करते. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी तोंडातून इंग्रजी वाक्य गेलं की सगळे हसायचे. दोन्हीकडं गप्प बसणं सोयीचं होतं. पुढं त्या सोयीला लोक माझा स्वभाव म्हणायला लागले.

आमची वस्ती कारेगावच्या आत, ओढ्याच्या कडेला आहे. आबा, म्हणजे माझे वडील, लहानपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेले. आता मेंढरं नाहीत, डाळिंबाची बाग आहे आणि त्या बागेवर माकडांची टोळी आहे. मागच्या वर्षी टोळीनं खाल्लं त्यापेक्षा जास्त नासवलं. म्हणून गणपतीनंतर दादा सासरवाडीला, दौंडला, गेला तेव्हा येताना त्यानं एक छर्‍याची बंदूक आणली. स्वस्तातली, नळी मोडून, म्हणजे खाली दुमडून, भरायची. दुकानदारानं एक डबी छर्रे आणि इंग्रजीत छापलेला एक घडीचा कागद दिला होता.

"लायसन लागत न्हाई हिला," दादा म्हणाला.

"अक्कल लागत आसंल," आबा म्हणाले. "आन् माकडाला एकबी छर्रा लागता कामा न्हाई. मारुतीचं रूप हाय ते. पत्र्यावर मारायचं, आवाजानं पळत्याल." मग त्यांनी तो कागद माझ्याकडं सरकवला. "घ्या मॅडम. बारा वर्षं इंग्रजी शाळेत घातलं ते आज उपेगाला आलं."

मी तो कागद दोनदा वाचला. मला असे कागद वाचायला आवडतात. औषधाच्या बाटलीतले, मिक्सरच्या खोक्यातले. त्यात कुणी आपल्याकडं पाहत नसतं.

कागदात लिहिलं होतं की नवी बंदूक लगेच नीट चालत नाही, तिला काही दिवस सरावाला लावावी लागते. नळीत कारखान्यातलं चिकट ग्रीस असतं, ते आधी काढायचं. सुरुवातीचे छर्रे उडताना धूर येईल, मोठा आवाज होईल, जळक्या तेलाचा वास येईल. घाबरू नका, आतलं तेल जळून गेलं की ते थांबेल. पुन्हा तेल ओतू नका. दर थोड्या वेळानं स्क्रू तपासा. छर्रा न घालता उडवू नका. नळीपुढं आणि निशाण्याच्या मागं कोण आहे ते आधी बघा. आणि एका चौकटीत, ठळक अक्षरात: नळी उघडी असताना चापाला हात लावू नका, छर्रा भरताना नळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवा, ताणलेली बंदूक तशीच ठेवून देऊ नका.

ह्या चौकटीचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. नळी मोडून खाली ओढली की दस्त्यापुढची जाड स्प्रिंग आत दबते आणि एक खटका तिला अडकवून धरतो. नळी मग खालीच लोंबत राहते. ह्या बंदुकीला दुसरा, सुरक्षेचा खटका नव्हता. महागड्या बंदुकांना असतो असं कागदात नव्हतं, ते मी मोबाईलवर वाचलं. अशात चाप ओढला गेला तर स्प्रिंग सुटते आणि नळी फटकन वर येऊन बंद होते. छर्रा असो वा नसो. मध्ये जे असेल ते चेंगरतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं लागेल असं वाटलं नाही, कारण बंदूक माझ्याच हातात असायची.

दुपारी आबा झोपले आणि आई शेजारच्या वस्तीवर गेली की मी आणि वहिनी बांधाकडं जायचो. ओढ्याच्या काठाला मातीचा उंच ढिगारा होता. त्याला मी वाळूचं पोतं टेकवलं आणि पोत्यावर जुन्या वहीचं पान टोचलं. पहिल्या दिवशी नुसती नळी साफ केली. वहिनीनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, मी त्या दोरीला बांधून नळीतून ओढल्या. पिवळं, घट्ट ग्रीस निघत राहिलं.

"जावळ काढल्यागत हाय ह्ये," वहिनी म्हणाली.

पहिला छर्रा उडाला तेव्हा ढोलावर टिपरी पडावी तसा आवाज झाला आणि नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला. वहिनी खाली बसली. मग हसायला लागली. मलाही हसू आलं. मी घरात क्वचित हसते, म्हणून ते लक्षात आहे.

छर्रे वहिनी भरायची. मी नळी ओढून डाव्या हातानं धरून ठेवायची, ती चिमटीत छर्रा घेऊन नळीच्या मागच्या भोकात बसवायची. ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा, एका बाजूनं पोकळ. माझ्या हातून दहातले तीन मातीत पडायचे. तिच्या हातून एकही नाही. तिची अनामिका तो हळूच आत दाबायची आणि हात बाजूला घ्यायची.

"मी नळी धरल्याशिवाय बोट घालायचं नाही," मी तिला सांगितलं होतं.

"का वो?"

"नियम आहे तसा."

तिनं पुन्हा विचारलं नाही. दर वेळी बोट पुढं करायच्या आधी ती माझ्या चेहऱ्याकडं बघायची. मी मान हलवली की घालायची. पंधरा दिवस आम्ही असं करत होतो. धूर थांबला, आवाज कोरडा झाला, छर्रे एकाच जागी जायला लागले. ती म्हणायची, कंपनीत आसंच भराभरा करायचं हाय ना, माझी बी प्रॅक्टिस झाली. दादाचा जुना शर्ट तिनं कामावर घालण्यासाठी कापून आपल्या मापाचा केला होता. तो इस्त्री करून गादीखाली ठेवला होता.

खंडेनवमीला आमच्या घरात हत्यारं पुजतात. खुरपी, विळे, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, दादाचे पाने. सगळ्यात पुढं मेंढरांची लोकर कातरायची कातर, जी गेली वीस वर्षं कुणी वापरली नाही. ही कातर मिटून पुजत नाहीत. तिच्या दोन पात्यांमध्ये लाकडाचं बोंडूक घालून ती उघडी ठेवायची आणि आतल्या धारेला हळदकुंकू लावायचं. मिटलेलं हत्यार देवापुढं ठेवलं तर वर्षभर हात मिटलेला राहतो, असं आबांचे वडील म्हणायचे. घरातली सून कुंकू लावते.

त्या सकाळी मी बंदूक पुसून, नळी बंद करून, घोंगडीवर ठेवली. शेजारच्या वस्तीवरची तीन-चार माणसं दर वर्षीसारखी पूजेला आली होती. आबांनी बंदुकीकडं पाहिलं.

"ही मिटली का?"

"ही अशीच ठेवायची असते," मी म्हणाले.

"कातर उघडी आन् ही मिटल्याली व्हय? उघड तिला."

"आबा, तिला उघडी ठेवत नाहीत."

"कोण म्हनतं?"

शेजारचे मामा हसून म्हणाले, "इंग्रजी शाळेत खंडेनवमी आसती का गं?" सगळे हसले. चौकटीतलं वाक्य मला पाठ होतं, इंग्रजीत. ते त्या माणसांसमोर मराठीत मांडायला चार वाक्यं लागली असती. मी चार वाक्यं बोलले नाही. नळी अर्धवट मोडली तर ती तशी राहत नव्हती, परत मिटायला बघत होती. म्हणून मी ती पूर्ण खाली ओढली. खटका बसल्याचा आवाज आला. मी स्वतःला सांगितलं, छर्रा नाहीये, रिकामी आहे.

आबांनी झेंडूचा हार बंदुकीवर घातला. हाराचं एक टोक दस्त्यावर राहीना, म्हणून त्यांनी ते चापाच्या कडीतून ओवून घेतलं. मी ते पाहिलं. त्याच वेळी वहिनी करंडा घेऊन वाकली होती. तिनं कातरीला कुंकू लावलं, कुऱ्हाडीला लावलं, मग बंदुकीपाशी आली. नळीचं मागचं, छर्रा भरायचं भोक वर आलं होतं. बोट पुढं करायच्या आधी तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली.

तिनं अनामिका कुंकवात बुडवून त्या भोकाच्या कडेला टेकवली. आबांना हार तिरपा वाटला. त्यांनी तो सरळ करायला ओढला.

आवाज अगदी लहान होता. पेटीचं झाकण पडावं तसा. वहिनी ओरडली नाही. तिला काय झालं ते तिलाच कळलं नव्हतं. तिनं हात ओढला तर बंदूक हाताबरोबर घोंगडीवरून उचलली गेली. मग मी नळी मोडली आणि बोट सुटलं. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते काही क्षण कुणालाच समजेना.

दादा मोटारसायकल चालवत होता, वहिनी मध्ये, मागं मी, तिचा हात टॉवेलात गुंडाळून वर धरलेला. शिरूरला पोचेपर्यंत टॉवेल जड झाला होता. डॉक्टरांनी नखाखालचं हाड पाहिलं आणि टोक काढावं लागेल म्हणाले. उजव्या हाताची अनामिका. पेराच्या वर काही ठेवता आलं नाही. वहिनीनं त्यांना एकच विचारलं, सोमवारपत्तुर बरं हुईल का.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा घरातल्यांनी काय झालं ते ठरवून टाकलं होतं. वहिनीचा हात चापाला लागला. तिनं नीट बघितलं नाही. हाराचं कुणाच्या मनातही नव्हतं, आबांच्यासुद्धा. मला वाटतं त्यांना खरंच कळलं नव्हतं की चाप हाराला अडकलेला आहे.

रात्रीचं जेवण झाल्यावर आई वहिनीजवळ जाऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईनं हळू आवाजात विचारलं, "तुझी पाळी तर न्हवती ना आली? खरं सांग. देवीचं दिस हायेत. शस्त्राला शिवलीस का तशीच?"

वहिनी म्हणाली, "न्हाई वो आत्या."

"मग आसं कसं झालं? आजवर कुणाला न्हाई झालं."

वहिनी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. बांधावर बघायची तशीच, वाट बघत. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेले.

त्यानंतर पंधरा-एक दिवस मी रोज ठरवायचे की आज बोलेन. मी तिच्या बोटाची पट्टी बदलायची, तिची भांडी घासायची, तिचे केस विंचरून द्यायची. कंपनीत फोन मी केला. इंग्रजीत बोलले, नीट, थांबून, अपघाताचं सांगितलं. पलीकडच्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि दिवाळीच्या आधी एकदा येऊन वायरींची पट्टी पुन्हा भरून दाखवा म्हणाला, तोवर जागा ठेवतो. अनोळखी माणसाशी मला बोलता येत होतं. घरात येत नव्हतं. तोवर वस्तीवर बायका म्हणायला लागल्या होत्या की सुनेनं नवरात्रात विटाळ केला. आईनं त्यांना गप्प केलं नाही.

वहिनी सराव करत होती. पोत्यातली ज्वारी ताटात घेऊन एकेक दाणा बाटलीच्या तोंडातून आत टाकायची. अनामिका वर उचलून धरायची, पण मधलं बोट वाकलं की तीही वाकायची आणि दाण्याला टेकायची. मग ती डोळे मिटून थोडा वेळ बसायची.

ठरल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मला गेटजवळच्या खोलीत बसवलं. काचेतून ती दिसत होती. तीच पट्टी, तशीच जुडी. पहिल्या काही वायरी तिनं अंगठा आणि तर्जनीनं खोचल्या. मग दुसरी रांग आली, जिथं वायर मागून दाबून धरावी लागते. वायर निसटली. तिनं उचलली. पुन्हा निसटली. तिनं डावा हात लावून पाहिला, तर पट्टी सरकायला लागली. तिच्या कापलेल्या टोकातून थोडं पाणी आलं असावं, कारण तिनं ते पदराला पुसलं. लाइनवरच्या बाई समोर उभ्या होत्या. वेळ संपायच्या आधीच त्यांनी घड्याळ बंद केलं.

बाहेर येऊन त्या माझ्याशीच बोलल्या, वहिनीशी नाही. "हात चांगलाय तिचा. पण लाइन थांबत नाही हो. मला जागा भरावी लागेल."

आम्ही फाट्याकडं चालत निघालो. कडेनं कंपनीच्या बस जात होत्या. बऱ्याच अंतरावर गेल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, एक इचारू?"

"विचार."

"त्या कागदात ल्हिलं हुतं का, आसं हुतंय म्हनून?"

"हो."

"आन् मी तुमच्याकडं बघितलं हुतं."

"हो."

"तुमी मान हलवली."

"छर्रा नव्हता, म्हणून मला वाटलं..."

"त्ये न्हाई इचारलं मी." ती थांबली. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा होता, त्याच्या सावलीत ती उभी राहिली आणि हात छातीशी धरला. "त्या दिशी चुकलं. चुकतंय मानसाचं. पन आत्यांनी मला पाळीचं इचारलं तवा तुमी दारात हुता. तवाबी कागद तुमाला म्हाईत हुता. म्या आजून कुनाला काय बोलले न्हाई. मला वाटलं, तुमी सांगाल."

ती पुढं चालायला लागली. जीपमध्ये ती पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी बोलले. आबा ओसरीवर होते, आई शेंगा निवडत होती, दादा कामावरून नुकताच आला होता. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. मी कागद आणला, चौकट वाचली, मराठीत सांगितलं. स्प्रिंग, खटका, चाप. बंदूक आणून नळी ओढली, हार ओवला होता तशी दोरी चापाच्या कडीतून ओवली, नळीच्या मागच्या भोकावर उसाचं कांडं ठेवलं आणि दोरी ओढली. कांडं फुटून रस आला.

आबांनी वाकून कांड्याच्या फुटीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी म्या मोडलं व्हय तिचं बोट?"

"हार तुम्ही ओढलात. पण ताणून मी ठेवली होती. तिनं मला विचारलं आणि मी हो म्हणाले. तिनं चापाला हात लावला नव्हता. तिची काही चूक नव्हती."

"यवढं दिस काय तोंडात मूग हुतं का?" दादा म्हणाला.

आई शेंगा निवडत राहिली. "आता ह्ये बोलून बोट येतंय का म्हागारी," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, ऱ्हाऊ दी, मीच टाकते. तिच्याकडून मी एवढंच ऐकलं. विटाळाचं ती पुन्हा कधी बोलली नाही. वस्तीवरच्या बायका बोलतात.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. तिनं फुटलेलं कांडं उचललं, गुरांपुढं टाकलं आणि आत गेली. त्या रात्री आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. "पोरी" एवढं म्हणाले आणि बागेकडं गेले.

ती दिवाळीला दौंडला माहेरी गेली आणि ठरल्या दिवशी आली नाही. दादा आणायला गेला तेव्हा आली. आता ती आईबरोबर कांदा लावायला जाते. माझ्याशी बोलते, कामापुरतं, पूर्वीसारखंच ताई म्हणून.

परवा ती मोटार चालू करायला विहिरीवर गेली होती. मी लांबून पाहिलं तर स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं होतं आणि आतली एक वायर बाहेर आलेली. मी पळत गेले. माझा आवाज इतका मोठा निघाला की बागेतले पक्षी उडाले.

"हात लावू नकोस, मेन चालू असेल."

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वरचा मेनचा खटका आधीच खाली ओढून बंद केलेला होता. तिनं तो आणखी एकदा दाबून पाहिला, लाकडी दांड्यानं वायर बाजूला सारली आणि झाकण लावलं.

"बघितलंय मी," ती म्हणाली.